डॉ. होमी भाभा व अणुभट्टीचें सरपण

आमच्या अनसिंगच्या बाजूस कापसाची शेवटची वेचणी उरकली, म्हणजे शेतांतील पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे घरोघरीं येऊन पडतात. तुरीचा हंगाम संपला, कीं त्यांत तुराट्यांची भर पडते. हल्लीं बहुतेक घरीं गॅसची शेगडी आली आहे; तथापि हिंवाळ्यांत न्हाणीचें पाणी तापवावयाचें झालें, कीं अंगणांतील चूल पेटतेच. या चुलीपाशीं बसणाऱ्या आजीबाईंची एक रीत विद्यार्थिमित्रांनीं पाहिली असेल. पाणी तापलें, कीं त्या जळतें लाकूड चुलींतून बाहेर ओढतात, त्यावर पाण्याचा शिपका मारतात, आणि तें अर्धवट जळलेलें लाकूड दुसऱ्या दिवसासाठीं भिंतीशीं उभें करून ठेवितात. ओलें लाकूड असेल तर तें चुलीच्या कडेस, धगीपाशीं वाळत घालतात. चुलींतून बाहेर काढलें तें सगळेंच राख नव्हे, हें त्यांस कोणीं शिकविलेलें नसतें.

ज्या पुरुषाची हकीकत येथें सांगावयाची आहे त्यांचा जन्म मुंबईच्या एका संपन्न पारशी घराण्यांत झाला. चुलीपाशीं बसण्याचा प्रसंग त्यांजवर बहुधा कधीं आला नसावा. परंतु आपल्या देशासाठीं त्यांनीं जी मोठी योजना आंखली तिचें मर्म पाहूं जातां तें या आजीबाईंच्या रीतीहून फारसें निराळें नाहीं, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. आणि त्याच बाजूनें हें चरित्र येथें सांगितलें आहे.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबई येथें झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे विलायतेंत शिकून आलेले कायदेपंडित असून टाटांच्या उद्योगांशीं त्यांचा निकटचा संबंध होता. आजोबा होर्मसजी हे म्हैसूर संस्थानांत शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरीं पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, आणि मुलास चित्रकलेचा नाद लागला तेव्हां त्यास शिकविण्याचीहि सोय करण्यांत आली. हें मूल झोपतें फार थोडें, म्हणून आईबापांनीं काळजीनें त्यास डॉक्टरांस दाखविलें होतें, अशी गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. डॉक्टरांनीं मुलाच्या मेंदूस विसावा कमी लागतो, यापलीकडे कांहीं दोष नाहीं, असा निर्वाळा दिला म्हणे. शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेंत झालें; पुढें एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथें कांहीं काळ काढून ते १९२७ सालीं केंब्रिजला गेले.

येथें पालकांनीं लक्ष द्यावें असा एक प्रसंग आहे. मुलानें यंत्रविद्या शिकून यावें व जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत मोठ्या पदावर बसावें, अशी वडिलांची इच्छा होती. जागा जणूं राखून ठेवलेलीच होती. परंतु केंब्रिजचें वारें निराळें होतें. अणूच्या पोटांत काय दडलें आहे याचा शोध तेथें त्या काळीं मोठ्या जोरानें चालला होता, व त्या वाऱ्यानें या तरुणास घेरलें. आपलें मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत आहे, कारखान्याचा अधिकारी होण्यांत आपणांस गोडी नाहीं, हें त्यांनीं वडिलांस पत्रानें मोकळेपणीं कळविलें. वडिलांनीं पत्र वाचून रागही धरला नाहीं, आणि एकदम मानही तुकविली नाहीं. हातीं घेतलेली यंत्रविद्येची परीक्षा आधीं पहिल्या वर्गांत उत्तीर्ण हो, मग तुझ्या आवडीच्या विषयासाठीं आणखी खर्च सोसूं, अशी अट त्यांनीं घातली. १९३० सालीं मुलानें ती पुरी केली, व वडिलांनीं आपला शब्द पाळला. पुढें भाभांनीं भट्ट्या बांधल्या, कारखाने उभारले, तेव्हां नको वाटलेल्या त्या यंत्रविद्येचा त्यांस किती उपयोग झाला असेल याची कल्पना करावी.

केंब्रिजमधील पुढचीं वर्षें आपण झपाट्यानें ओलांडूं. १९३५ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीसंबंधीं त्यांनीं मांडलेलें गणित आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. १९३७ सालीं हाइटलर या शास्त्रज्ञाच्या सहकार्यानें त्यांनीं आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांचा वर्षाव कसा होतो याची उपपत्ति दिली. १९३९ सालीं ते सुटीसाठीं म्हणून मायदेशीं आले, आणि इतक्यांत युरोपांत महायुद्ध पेटलें. परत जाणें राहून गेलें. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागांत ते काम करूं लागले. १९४१ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें. युद्ध नसतें तर ते विलायतेंतच राहिले असते आणि आपणांस केवळ एक मोठा गणिती म्हणून ठाऊक झाले असते, हें पुष्कळ अंशीं खरें आहे.

मार्च १९४४ मध्यें त्यांनीं सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीस एक पत्र लिहिलें. मूलभूत संशोधनाची एक संस्था देशांत असावी, कारण वीस-एक वर्षांत अणूपासून वीज निघूं लागली तर त्या वेळीं हिंदुस्थानास परदेशांतून तज्ज्ञ आणण्याची पाळी येऊं नये, ते घरींच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय होता. हें पत्र लिहिलें तेव्हां हिरोशिमावर बाँब पडावयास दीड वर्ष अवकाश होता, व अणुशक्ति हा शब्दही सामान्य माणसाच्या कानीं आला नव्हता. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. बंगलोरला आरंभ होऊन त्याच वर्षाअखेर ती मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यांत आली. स्वातंत्र्य मिळाल्यावर ऑगस्ट १९४८ मध्यें अणुशक्ति आयोग नेमण्यांत आला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. त्यांचें वय त्या वेळीं अडतीस वर्षांचें होतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. घर बांधण्याआधीं शहाणा माणूस विहिरीस पाणी आहे कीं नाहीं हें पाहतो. भाभांनींही आधीं कोठींत काय आहे हें पाहिलें. भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा वाडिया यांच्या देखरेखीखालीं देशांत अणुखनिजांचा शोध सुरू झाला. बिहारांतील (आतां झारखंडांतील) सिंगभूम जिल्ह्यांत जादुगुडा येथें युरेनियम सांपडलें, पण फार हलक्या प्रतीचें. एक टन दगड फोडावा तेव्हां त्यांतून किलोभरही युरेनियम मिळूं नये. याच्या उलट केरळच्या समुद्रकांठीं जी काळसर वाळू पडलेली आहे तिच्यांत मोनॅझाइट नांवाचें खनिज असून त्यांत थोरियम नामक धातु भरपूर आहे. जगांतील थोरियमच्या मोठ्या सांठ्यांपैकीं हा एक होय. म्हणजे ज्या सरपणानें भट्टी पेटते तें आपणांकडे थोडें, आणि जें आपणांकडे ढिगानें आहे तें एकटें पेटत नाहीं. येथून भाभांची खरी विवंचना सुरू झाली.

ती समजण्यासाठीं अणुभट्टींत काय होतें हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. खाणींतून काढलेल्या शुद्ध युरेनियमचे एक हजार भाग घेतले तर त्यांतील सुमारें सात भाग असे असतात कीं, न्यूट्रॉन नांवाचा सूक्ष्म कण आदळतांच ते सहज फुटतात, उष्णता देतात, आणि आणखी न्यूट्रॉन बाहेर टाकून आग पुढें चालू ठेवितात. यांस युरेनियम-२३५ म्हणतात. बाकीचे नऊशें त्र्याण्णव भाग युरेनियम-२३८ चे. ते असे फुटत नाहींत. हें झालें आपलें ओलें लाकूड. मात्र या ओल्या लाकडाचा एक मोठा गुण आहे. त्यानें न्यूट्रॉन गिळला, म्हणजे कांहीं दिवसांत त्याचें प्लुटोनियम होतें, आणि प्लुटोनियम उत्तम जळतें. थोरियमची गोष्टही तशीच. न्यूट्रॉन गिळल्यावर त्यापासून युरेनियम-२३३ तयार होतें, व तेंही जळाऊ आहे. पण धग हवी. चूल पेटलेली असल्यावांचून ओलें लाकूड वाळत नाहीं.

आतां एक टन युरेनियमचा हिशेब करून पाहूं. आपल्या देशांतील जड पाण्याच्या भट्ट्यांत एक टन साधें युरेनियम घातलें तर त्यांतून सुमारें पांच कोटि युनिट वीज निघते. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील पारसच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणीं तेवढ्या विजेस कोळशाच्या कितीतरी मालगाड्या लागतील. असें असूनही त्या एक टनांतील प्रत्यक्ष फुटून गेलेला भाग जेमतेम सात किलो असतो! उरलेलें सर्व जसेंच्या तसें शिल्लक राहतें, व त्यांत साडेतीन-चार किलो नवें प्लुटोनियमही मिसळलेलें असतें. मग हें इंधन बाहेर कां काढावें लागतें? तर चुलींत राख सांचली कीं विस्तव जसा गुदमरतो, तसें फुटलेल्या अणूंचे तुकडे न्यूट्रॉन गिळूं लागतात व आग मंदावते. तेवढी राख काढून टाकतां आली, तर लाकूड अजून पुष्कळ जळण्याजोगें आहे. अडचण इतकीच कीं ही राख भयंकर आहे. भट्टींतून नुकत्याच काढलेल्या इंधनाच्या कांडीजवळ आडोशावांचून उभा राहणारा मनुष्य त्याच्या किरणांनीं अल्पावधींतच प्राणास मुकेल.

भाभांनीं जी तजवीज सुचविली ती तीन पायऱ्यांची होती. १९५४ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस भरलेल्या परिषदेंत तिची रूपरेषा पुढें आली, आणि १९५८ सालीं जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यांनीं ती आंकड्यांनिशीं मांडली. पहिल्या पायरीवर साध्या युरेनियमच्या भट्ट्या चालवाव्या. वीज घ्यावी, आणि जळक्या इंधनांतून प्लुटोनियम वेंचून ठेवावें. दुसऱ्या पायरीवर त्या प्लुटोनियमच्या जलद भट्ट्या पेटवाव्या आणि त्यांच्याभोंवतीं तेंच उरलेलें युरेनियम-२३८ रचावें, म्हणजे जेवढें जळेल त्याहून अधिक नवें प्लुटोनियम तयार होईल. धग पुरेशी वाढली, कीं भोंवतीं थोरियम रचावें. तिसऱ्या पायरीवर थोरियमपासून झालेल्या युरेनियम-२३३ वर भट्ट्या चालवाव्या, आणि मग केरळची वाळू देशास कित्येक पिढ्या पुरावी. या सगळ्या योजनेंत दोन पायऱ्यांमधला पूल एकच, आणि तो म्हणजे जळक्या इंधनाची पुनःप्रक्रिया. तो पूल नसेल तर पहिली पायरी म्हणजे थोडेंसें युरेनियम संपेपर्यंतचा दिवाळीचा फटाका.

यामुळेंच साध्या युरेनियमवर व जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांकडे त्यांचा ओढा होता. त्यांना इंधन संपन्न करण्याचा महागडा कारखाना लागत नाहीं, आणि खाणींतून काढलेल्या दर टन युरेनियममागें प्लुटोनियमही त्यांतून अधिक मिळतें.

मुंबईजवळ तुर्भे येथें, घारापुरीच्या बेटासमोर, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या जागेंत १९५४ पासून अणुशक्तीचें केंद्र उभें राहूं लागलें. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथें अप्सरा ही भट्टी चालू झाली. सोविएत रशिया सोडल्यास आशिया खंडांतील ही पहिली अणुभट्टी. तिचें इंधन इंग्लंडांतून आलें होतें, परंतु बांधणी आपल्या लोकांची. पाण्याच्या खोल हौदांत तळाशीं गाभा असे व भट्टी चालूं लागली कीं तेथून निळसर प्रकाश फांके. पंडित नेहरूंनीं तिला हें नांव दिलें. मग १९६० सालीं कॅनडाच्या साहाय्यानें सायरस ही चाळीस मेगावॉटची भट्टी आली. तिच्यांतील इंधनाच्या कांड्यांपैकीं कांहीं भाग तुर्भे येथेंच तयार झाला होता.

सायरसचें इंधन जळून बाहेर पडणार हें उघड होतें. त्याची पुनःप्रक्रिया करण्याचा कारखाना बांधण्याचें भाभांनीं १९५८ मध्यें ठरविलें. तारखांकडे लक्ष द्यावें. त्या वर्षीं देशांत अणूपासून वीज काढणारें एकही केंद्र नव्हतें. सायरससुद्धां चालू झालेली नव्हती. चूल पेटण्यापूर्वीं कोलितांची व्यवस्था लावण्याचा हा प्रकार अनेकांस विपरीत वाटला असल्यास नवल नाहीं. योजनेस फिनिक्स असें नांव दिलें गेलें. आपल्याच राखेंतून पुनः जन्म घेणाऱ्या ग्रीक कथेंतील पक्ष्याचें हें नांव होय. नांव ठेवणाऱ्याची मति येथें वाखाणण्याजोगी आहे.

या कारखान्याचें काम होमी सेठना यांच्याकडे होतें. आपल्याच अभियंत्यांनीं तो उभारला. काम चालतें तें असें: भट्टींतून काढलेल्या कांड्या प्रथम कांहीं महिने खोल पाण्यांत ठेवितात, म्हणजे त्यांतील अतितीव्र व अल्पायुषी द्रव्यें आपोआप निवतात. पाणी येथें दोन कामें करतें. उष्णता शोषून घेतें आणि किरणांस अडवितें. नंतर कांड्यांचें ॲल्युमिनियमचें आवरण काढून आंतील धातु नायट्रिक ॲसिडांत विरघळवितात. या द्रावांत रॉकेलच्या जातीच्या तेलांत मिसळलेलें एक रासायनिक द्रव्य घालून घुसळतात. ताक घुसळलें कीं लोणी जसें निराळें होतें, तद्वत् युरेनियम व प्लुटोनियम तेलांत ओढून घेतलें जातें, आणि राख, म्हणजे फुटलेल्या अणूंचे तुकडे, ॲसिडांत मागें राहते. मग युरेनियम व प्लुटोनियम यांसही परस्परांपासून अलग करतात. हें सर्व जाड काँक्रीटच्या भिंतींआड चालतें. आंत मनुष्य जाऊं शकत नाहीं. नळी फुटली, झडप अडली, तरी दुरून काय तें करावयाचें. म्हणून प्रत्येक सांधा आरंभींच असा जोडावा लागतो कीं तो वर्षानुवर्षें गळूं नये. सांधणाऱ्या कारागिराच्या हाताचें महत्त्व येथें शास्त्रज्ञाच्या गणिताएवढेंच असतें. १९६४ च्या मध्यास हा कारखाना चालू झाला, आणि जानेवारी १९६५ मध्यें पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. जगांत ही विद्या साधलेलीं राष्ट्रें त्या वेळीं बोटांवर मोजण्याइतकीं होतीं.

भाभांचा स्वभाव पाहतां एक गोष्ट येथेंच सांगितलेली बरी. हा मनुष्य केवळ भट्ट्यांत रमणारा नव्हता. ते चित्रें काढीत, संगीत ऐकत, आणि नवी इमारत बांधतांना वाटेंत येणारें झाड तोडण्याऐवजीं मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याची व्यवस्था करीत. तुर्भ्याच्या उघड्या टेंकडीवर त्यांनीं बागा केल्या. लग्न त्यांनीं केलें नाहीं. कामांत ते हुकमी होते, आणि हाताखालच्या लोकांना पुष्कळ मोकळीक देत, या दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात.

त्यांचीं सर्वच भाकितें खरीं ठरलीं असें मात्र नाहीं. १९५५ सालीं जिनिव्हाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलतांना, हायड्रोजनचे अणु सांधून शक्ति मिळविण्याची युक्ति वीस वर्षांत मानवास साधेल, असा अंदाज त्यांनीं केला होता. सत्तर वर्षें होऊन गेलीं. तशी वीज अद्याप कोणाच्या घरीं आलेली नाहीं. अणुविजेच्या स्वस्ताईविषयींचे त्यांचे हिशेबही आशेकडे झुकणारे होते.

तारापूरचा निर्णय हाही वादाचा आहे. पहिलें वीजकेंद्र लवकर उभें राहावें, अणूपासून वीज होते हें देशानें डोळ्यांनीं पाहावें, म्हणून त्यांनीं ठाणें जिल्ह्यांतील (आतां पालघर जिल्ह्यांतील) तारापूर येथें अमेरिकन बनावटीच्या दोन भट्ट्या घेण्याचें ठरविलें. १९६३ सालीं अमेरिकेशीं करार झाला. या भट्ट्यांस साधें युरेनियम चालत नाहीं. संपन्न केलेलें लागतें, व तें अमेरिकेनें पुरवावयाचें होतें. केंद्र १९६९ सालीं सुरू झालें व त्याच्या विजेवर महाराष्ट्र-गुजरातचे कारखाने चालले. पण शेजाऱ्याच्या विस्तवावर चूल पेटविली कीं शेजाऱ्याचा रुसवाही सोसावा लागतो. १९७४ सालीं भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केला. त्यासाठीं लागलेलें प्लुटोनियम सायरसच्या इंधनांतून, तुर्भ्याच्या त्याच कारखान्यांत निघालेलें होतें. कॅनडानें सहकार्य थांबविलें, अमेरिकेनें इंधन देण्यांत खळखळ केली, व पुढें १९८२ पासून तें फ्रान्सकडून घ्यावें लागलें. तारापूरच्या त्या जळक्या इंधनाचें काय करावयाचें याविषयीं दोन्ही देशांचें एकमत होईना, तेव्हां तें तेथेंच हौदांत सांठत गेलें. ज्या पुरुषानें कोलित वांचविण्यासाठीं एवढी यातायात केली त्यानेंच आणलेल्या पहिल्या वीजकेंद्राचीं कोलितें भिंतीशीं पडून राहिलीं, हा योग विलक्षण खरा. आणि जें द्रव्य घरांत दिवा लावूं शकतें त्याचाच बाँबही होतो, हें पोखरणानें सर्वांस दाखविलें. पुनःप्रक्रियेच्या कारखान्याकडे जग संशयानें पाहतें तें उगाच नव्हे.

हें पाहण्यास भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजीं आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेच्या बैठकीसाठीं ते व्हिएन्नास निघाले होते. एअर इंडियाचें कांचनजंगा नांवाचें विमान जिनिव्हास उतरण्याच्या बेतांत असतां आल्प्स पर्वताच्या माँ ब्लां शिखरावर आदळलें, व आंतील सर्व ११७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. भाभांचें वय छप्पन्न वर्षांचें होतें. बर्फांतून त्यांचा देह हातीं लागला नाहीं. शास्त्रीजींचें निधन होऊन पुरता पंधरवडाही झाला नव्हता, त्यांत हा दुसरा घाला. १२ जानेवारी १९६७ रोजीं तुर्भ्याच्या केंद्रास भाभा अणुसंशोधन केंद्र असें नांव देण्यांत आलें.

मागें राहिलेल्यांनीं योजना टाकून दिली नाहीं. जड पाण्याच्या भट्ट्या राजस्थानांत रावतभाट्यास, मद्रासजवळ कल्पाक्कमला, नरोऱ्यास, काक्रापारला, कैग्यास अशा होत गेल्या. तारापूरलाही तशाच दोन मोठ्या भट्ट्या २००५ व २००६ सालीं चालूं झाल्या. त्यांच्यासाठीं पोफरण व अक्करपट्टी या गांवांतील लोकांस घरेंदारें सोडावीं लागलीं, हेंही नमूद केलें पाहिजे. विजेचा हिशेब त्यावांचून पुरा होत नाहीं.

या भट्ट्यांत सरपणाची काटकसर कशी करतात हें पाहण्यासारखें आहे. २२० मेगावॉटच्या भट्टींत ३०६ आडव्या नळ्या असतात, आणि प्रत्येक नळींत हातभर लांबीच्या बारा जुड्या एकापुढें एक मांडलेल्या असतात. भट्टी बंद न करतां, चालूं असतांनाच, नळीच्या एका तोंडानें यंत्र आठ नव्या जुड्या आंत लोटतें, व दुसऱ्या तोंडानें आठ जळक्या बाहेर पडतात. लगतच्या नळींत हेंच उलट्या बाजूनें. त्यामुळें जुनें-नवें इंधन शेजारीं शेजारीं राहून धग सर्वत्र सारखी होते, आणि कोणतीही जुडी पुरेशी जळल्यावांचून बाहेर येत नाहीं. कोणत्या नळीस केव्हां हात घालावा याचा हिशेब गणिती रोज करीत असतात. भट्टी नवी असतां मध्यभागीं धग फार वाढते. ती निवविण्यासाठीं काक्रापारला थोरियमच्या जुड्या घातल्या गेल्या. ओलें लाकूड मधोमध ठेवून जाळ सारखा करण्याचीच ही युक्ति.

राखेचें काय करतात, हा प्रश्न पालकांच्या मनांत आला असेल, व तो योग्यच आहे. पुनःप्रक्रियेनंतर उरलेला तीव्र द्राव आटवून, विशिष्ट जातीच्या कांचेंत वितळवून, पोलादी डब्यांत ओततात. कांच झाली कीं तीं द्रव्यें पाण्यांत सहजासहजीं विरघळत नाहींत. असे डबे तारापूर येथें, आपोआप खेळणाऱ्या हवेनें निवतील अशा बंदिस्त तळघरांत ठेविले आहेत. त्यांतील सीझियमचा जोर निम्मा होण्यास तीस वर्षें लागतात. म्हणून ही राखण शतकांची आहे. पुढें कांहीं सीझियम या राखेंतूनही वेगळें काढून, रुग्णांस देण्याच्या रक्तावर किरणांची प्रक्रिया करण्याच्या यंत्रांत वापरूं लागले आहेत. अमेरिकेनें १९७७ मध्यें आपल्याकडील वीजभट्ट्यांच्या इंधनाची पुनःप्रक्रिया थांबविली; स्वीडन व फिनलंड यांनीं जळकें इंधन जसेंच्या तसें खडकाच्या पोटांत पुरण्याचा मार्ग धरला. पुनःप्रक्रिया खर्चाची आहे, तीपेक्षां नवें युरेनियम विकत घेणें स्वस्त, असें तेथील पुष्कळ हिशेबनिसांचें म्हणणें आहे, आणि युरेनियम मुबलक मिळत असेल तोंवर तें खोडून काढणें सोपें नाहीं. ज्याच्या अंगणांत लाकडाची वखार आहे तो कोलित विझवून ठेवीत नाहीं. भाभांच्या अंगणांत ती नव्हती.

दुसऱ्या पायरीवर पाऊल पडावयास मात्र फार वेळ लागला. कल्पाक्कमची लहान जलद भट्टी ऑक्टोबर १९८५ मध्यें पेटली. तिसऱ्या पायरीचा मासला म्हणून थोरियमपासून काढलेल्या युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी नांवाची चिमुकली भट्टी १९९६ सालीं तेथेंच सुरू झाली. द्रवरूप सोडियमनें निवणारी पांचशें मेगावॉटची मोठी जलद भट्टी उभारण्यांत वर्षांमागून वर्षें गेलीं, व अखेर तिचा गाभा भरण्यास मार्च २०२४ मध्यें प्रारंभ झाला. भाभांस जाऊन तेव्हां अठ्ठावन्न वर्षें झालीं होतीं. तिच्यासाठीं लागणाऱ्या प्लुटोनियममिश्रित इंधनाच्या कांड्या तारापूर येथें तयार झाल्या आहेत, आणि त्यांतील प्लुटोनियम हें आपल्याच पहिल्या पायरीच्या भट्ट्यांच्या जळक्या इंधनांतून वेंचलेलें आहे.